गोऱ्या पानाचे गुण

आमच्या गृहिणीच्या मतें तंबाखू ही वस्तु पानाच्या तबकांत एक वेळ शोभेल, प्राध्यापकाच्या तोंडांत शोभत नाहीं. त्यामुळें आमची धूम्रपानाची मजल वर्षांतून दोन-तीन चिरुटांपलीकडे कधीं गेली नाहीं, आणि तीहि गच्चीवर. गेल्या दिवाळींत अमेरिकेहून आलेल्या भाच्यानें चार लहान चिरूट पुढें ठेवले. (मामापुढें भाच्यानें चिरूट काढावा, हें आमच्या वडिलांनीं पाहिलें नाहीं तेंच बरें.) तो म्हणाला, "मामा, नुसते ओढूं नका, गुण द्या. जन्मभर दुसरें काय केलेंत ?"

टोमणा होता, पण आव्हान आम्हांस आवडलें. चिरुटास शंभरांपैकीं गुण देण्याची चाल तिकडे रूढच आहे. १९९२ सालीं निघालेलें 'सिगार ॲफिशनाडो' हें नियतकालिक हा उद्योग मोठ्या गंभीरपणें करतें; परीक्षकाच्या हातीं देण्यापूर्वीं चिरुटावरची नांवाची पट्टी काढून टाकतात.

चिरूट दोन जातींचे होते. सारे चार इंच लांब व करंगळीएवढे जाड. एका जातीचें वेष्टण गव्हाळ, तुकतुकीत, शिरा जवळजवळ न दिसणारें. दुसरीचें काळेंभोर आणि खरबरीत. त्या गव्हाळ पानाची हकीकत मोठी गमतीची आहे. सुमात्रा बेटांतलें नाजूक पान अमेरिकेच्या बाजारांत येऊन तेथल्या शेतकऱ्यास भारी पडूं लागलें, तेव्हां १९०० सालीं कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यांत तंबाखूच्या शेतांवर विरळ कापडाचे मांडव घालण्यांत आले. ऊन गाळून येतें, आंत दमटपणा टिकतो, आणि पान पातळ व फिकट निपजतें. उपवर मुलीला उन्हांत जाऊं न देणाऱ्या आयांचें शास्त्र याहून निराळें नाहीं.

पहिल्या संध्याकाळीं गोरा चिरूट घेतला. हुंगला, तों वाळल्या गवताचा वास आला. चिरुटाचा धूर छातींत घ्यावयाचा नसतो. तोंडांत घोळवून सोडावयाचा. आरंभीं सायीची आठवण देणारी स्निग्धता, मग भाजल्या शेंगदाण्याची खमंग चव. राख तर पाऊण इंच न ढळतां उभी! शेवटीं शेवटीं मात्र धूर कढत व कडवट झाला. लहान चिरुटांत विस्तव लौकर ओठांशीं येतो. तरी आम्हीं वहींत ८४ गुण लिहिले व "सौम्य, सुसंस्कृत" असा शेरा मारला. दुसऱ्या दिवशीं काळा ओढला. "उग्र," ६१.

भाचा हंसला. "मामा, हे ६१ तुम्ही काडी ओढण्यापूर्वींच लिहिले होते."

आम्हीं नाकबूल केलें. मग तिसऱ्या संध्याकाळीं त्यानें मफलरानें आमचे डोळे बांधले आणि उरलेले दोन चिरूट एकामागून एक हातीं दिले. पहिला किंचित् गोडसर, कोकोसारखा लागला. आम्हीं ७९ दिले. दुसरा नाकाला झोंबला. "हा काळा," आम्ही ठामपणें म्हणालों, "६६." मफलर सोडला, तों आमच्या हातांत गोरा चिरूट जळत होता.

चिरुटाचा जोर मुख्यतः पोटांतल्या पानांवर असतो. वेष्टणाचा काळेपणा बहुधा अधिक काळ उबविल्यानें येतो, व त्यानें चवीला गोडीहि येते. हें सारें आम्हांस पुस्तकांतून ठाऊक होतें ! शेरलॉक होम्सनें १८८७ सालच्या पहिल्याच कादंबरींत नुसत्या राखेवरून त्रिचनापल्लीचा चिरूट ओळखला. आम्हांस अख्खा तोंडांत असून ओळखतां आला नाहीं.

त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. बावीस वर्षांपूर्वींची एक उत्तरपत्रिका डोळ्यांपुढें येऊं लागली. अक्षर किरटें, शाई फांसलेली, ओळी उतरत गेलेल्या. पहिलें पान पाहूनच आमच्या मनानें आंकडा ठरविला असावा. शेवटच्या उत्तरांत कांहीं बरें वाटलेलेंहि स्मरतें, पण आम्ही मागें वळलों नाहीं. ३१ दिले, उत्तीर्ण होण्यास ३५ हवे होते. क्रमांक झाकलेला असल्यामुळें आपल्या निःपक्षपातीपणाविषयीं आम्ही निर्धास्त होतों. अक्षर कोण झाकणार ?

सकाळीं भाच्यानें विचारलें, "मग शेवटीं कोणते गुण कायम, मामा ?" आम्हीं वहींतले चारहि आंकडे खोडले. त्या ३१ खालीं मात्र आमची सही आहे, आणि ती उत्तरपत्रिका केव्हांच रद्दींत गेली असेल.