महाराष्ट्राच्या विशेष संदर्भासह

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेचा अभ्यासक्रम बोलतो फार कमी. पूर्वपरीक्षेच्या पहिल्या पेपरसाठी त्याच्याकडे जेमतेम सात मुद्दे आहेत: चालू घडामोडी, इतिहास, भूगोल, राज्यव्यवस्था, आर्थिक-सामाजिक विकास, पर्यावरण आणि शेवटी नुसतं 'सामान्य विज्ञान'. दोन शब्द, पुढं काही नाही. घरातले मितभाषी आजोबा 'बैलांचं बघ' एवढंच म्हणतात आणि त्यात वैरण, पाणी, खुरं, दावी, गोठ्याची कडी सगळं आलं हे घरच्यांनी समजून घ्यायचं असतं, तसा याचा स्वभाव. 'सामान्य विज्ञान' म्हटलं की भिंगाचं नाभीय अंतर आलं, आम्ल-आम्लारी आले, जीवनसत्त्वांच्या अभावाचे रोग आले, वनस्पतींचं वर्गीकरण आलं. दहावीनंतर विज्ञानाचं तोंड न पाहिलेली कला शाखेची मुलं त्या दोन शब्दांपुढं महिनेच्या महिने बसतात.

त्याचं मन ओळखायचं तर जुन्या प्रश्नपत्रिका हाताशी लागतात. कोणत्या मुद्द्यावर आयोग किती खोल जातो, हे त्यांतूनच कळतं. मग पुस्तकं. पायाला शाळेची क्रमिक पुस्तकं, वर राज्यघटनेसाठी लक्ष्मीकांत, भूगोलाला सवदी, अर्थशास्त्राला कोळंबे, इतिहासाला ग्रोव्हर-बेल्हेकर. पुण्यात अप्पा बळवंत चौकात ही नावं नुसती उच्चारली की दुकानदार पुस्तक काढून समोर ठेवतो. जाणती मुलं नव्यांना एकच सांगतात: पुस्तकं कमी ठेव, रिव्हिजन वाढव.

नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत मी हा अभ्यासक्रम अगदी जवळून पाहिला. टेबलाच्या प्लायवूडच्या आडोशाला त्याची प्रिंट चिकटवलेली होती. चिकटपट्टी पिवळी पडलेली, कडा हात लागून लागून मऊ झालेल्या. प्रत्येक मुद्द्याशेजारी पेन्सिलीनं टिकमार्क. राज्यव्यवस्थेपुढं चार, भूगोलापुढं तीन, अर्थव्यवस्थेपुढं दोन आणि विज्ञानापुढं एक पुसट. कोपऱ्यात मेसवाल्याचा फोन नंबर. कागद छापील असला तरी त्यावर एका माणसाची सगळी वर्षं उमटलेली होती.

या मितभाषी गृहस्थाचं एक वाक्य मात्र मला फार मोलाचं वाटतं. इतिहासाच्या मुद्द्यापुढं तो म्हणतो, 'महाराष्ट्राच्या विशेष संदर्भासह'. या तीन शब्दांनी तो राज्यभरच्या पोरांना एकमेकांच्या गावांत नेऊन सोडतो. भंडाऱ्याचा मुलगा 1875 साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या का जाळल्या ते वाचतो. सांगलीची मुलगी मराठवाडा निजामाच्या राजवटीतून 1948 च्या सप्टेंबरात कसा सुटला ते वाचते, आणि परभणीचा मुलगा साताऱ्याचं प्रतिसरकार. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 1882 मध्ये काय लिहून ठेवलं, शाहू महाराजांनी 1902 मध्ये कोल्हापूर संस्थानात 50 टक्के जागा राखीव केल्या म्हणजे नेमकं काय केलं, 1930 मध्ये सोलापुरात मार्शल लॉ का लागला, हे शाळेत परीक्षेपुरतं घोकून विसरलेलं सगळं इथं पुन्हा भेटतं आणि या वेळी ते आपलं वाटतं. एवढ्या मोठ्या संख्येनं तरुण मुलं आपल्या राज्याचा इतका बारीक अभ्यास करतात, असं दुसरं कोणतंही निमित्त आज महाराष्ट्रात नाही.

माझ्या ओळखीची एक मुलगी माण तालुक्यातली आहे. तिच्या वहीत रोजगार हमीवर तीनच ओळी होत्या: वि. स. पागे, 1972 चा दुष्काळ, 1977 चा कायदा, 26 जानेवारी 1979 पासून लागू. रिव्हिजन करताना तिला आठवलं की बहात्तरचं नाव घरात सारखं निघतं. तिनं आजीला फोन लावला. आजीनं त्या साली दुष्काळी कामावर खडी फोडली होती. हजेरीपट कोण मांडायचा, सुकडी कशी वाटायचे, मिलोची भाकरी घशाखाली कशी उतरत नसे, हे सगळं आजीनं सांगितलं. पागे हे नाव आजीनं कधी ऐकलेलं नव्हतं. तीन ओळींची ती नोंद मग दोन पानांची झाली. परीक्षेच्या हिशेबात तो वेळ वाया गेला असं तिची रूम पार्टनर म्हणाली. मला तसं मुळीच वाटत नाही. उद्या ही मुलगी तहसीलदार झाली आणि तिच्या टेबलावर टंचाईची फाईल आली, तर त्या दोन पानांचा उपयोग होईल.

अशी दोन पानं लिहायला या अभ्यासक्रमात बरीच वर्षं जागाच नव्हती. 2012 पासून मुख्य परीक्षेतले सामान्य अध्ययनाचे पेपर बहुपर्यायी झाले. सत्यशोधक समाज 1873 मध्ये स्थापन झाला, हे ठाऊक असलं की गोल काळा करायचा आणि पुढं जायचं. तो का स्थापन झाला, हे कुणी विचारत नव्हतं. 2022 मध्ये आयोगानं पुन्हा वर्णनात्मक पद्धत आणायचं ठरवलं. आता एकूण नऊ पेपर. मराठी-इंग्रजीचे दोन पात्रतेपुरते, उरलेल्या सातांचे 1750 गुण, वर मुलाखतीचे 275. निबंध आला, वैकल्पिक विषय परत आला.

बदल योग्यच होता. पण 2023 च्या सुरुवातीला पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली तीही चुकीची नव्हती. गोल काळे करत ज्यांनी पाच-सहा वर्षं काढली, त्यांना एकदम तीन तास सलग लिहायला बसवणं म्हणजे केलेल्या तयारीवर पाणी सोडायला लावणं होतं. त्यांनी वेळ मागितला, आणि फेब्रुवारीत नवी पद्धत 2025 पासून लागू करायचं जाहीर झालं.

या गृहस्थाचा सगळ्यात जाचक भाग त्याच्या मजकुरात नाहीच. तो म्हणजे तारीख. मार्च 2021 मध्ये पूर्वपरीक्षा अवघ्या तीन दिवसांवर असताना पुढं ढकलली, तेव्हा मुलं शास्त्री रोडवर येऊन बसली. ऑगस्ट 2024 मधली परीक्षा दुसऱ्या परीक्षेच्या तारखेशी भिडली आणि अखेर 1 डिसेंबरला झाली. बाहेरून पाहणाऱ्याला आणखी थोडे दिवस अभ्यासाला मिळाले असं वाटतं. कॉट बेसिसवर राहणाऱ्याला त्या प्रत्येक महिन्याचं भाडं, मेस आणि अभ्यासिकेची फी भरावी लागते, आणि ते पैसे सोयाबीन विकून किंवा उसाचं बिल आल्यावर गावाकडून येतात. खुल्या गटाला वयाची अट 38, मागासवर्गीयांना 43. अभ्यासक्रमाला वय नसतं, त्याच्यापुढं बसलेल्याचं वय मात्र सरत असतं.

माणच्या त्या मुलीनं वैकल्पिक विषय म्हणून भूगोल घेतलाय आणि उत्तरं मराठीतून लिहायचं ठरवलंय. तिची खरी अडचण आता सुरू झाली आहे. पूर्वपरीक्षेच्या ठोकळ्यांचे ढीग आहेत, पण पदवीच्या वरच्या पातळीचा भूरूपशास्त्राचा मराठी ग्रंथ शोधायला तिला जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घालावी लागतात. महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळानं एकेकाळी असे ग्रंथ मराठीत आणले होते. आज मुलं त्यांच्या झेरॉक्स प्रतींवर अभ्यास करतात, आणि काहींत आकृत्याच नीट उमटलेल्या नसतात. मराठीतून उत्तर लिहायची मुभा द्यायची, तर मराठीतून वाचायलाही काही हवं. ते जुने ग्रंथ तज्ज्ञांकडून सुधारून घेऊन, नव्या नकाशांसह पुन्हा छापले पाहिजेत आणि जिल्ह्याच्या प्रत्येक ग्रंथालयात ठेवले पाहिजेत. हे काम परीक्षार्थींचं नाही, शासनाचं आणि विद्यापीठांचं आहे.