भूमीला नमस्कार

भरतनाट्यमच्या वर्गात पहिली थाप पडायच्या आधी मुलं वाकून जमिनीला हात लावतात. आता तुझ्यावर पाय आपटणार आहे, क्षमा कर, असं भूमीला सांगायचं आणि मगच ‘तै या तै’ सुरू करायचं. माझी दोन्ही मुलं हा नमस्कार घरीही चुकवत नाहीत. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा नागपुरात सकाळी सहालाच फरशी कोमट लागते. कूलरसमोरची जागा सोडून, दिवाण भिंतीकडे सरकवून दोघं समोरासमोर उभी राहतात, त्या कोमट फरशीला नमस्कार करतात आणि सराव सुरू होतो. मी रोज देवाला फुलं वाहते, टेकडीच्या गणपतीला जाते, अडचण आली की नवसही बोलते. मुलांच्या त्या नमस्कारात मात्र मागणं काहीच नसतं. श्रद्धेचं ते रूप मी मुलांकडून शिकले.

अरमंडी बघायला सोपी वाटते. गुडघे बाहेर वळवून, टाचा जवळ ठेवून अर्धं बसायचं, पाठ ताठ, चेहरा प्रसन्न. त्या बैठकीतूनच पाय उचलायचा आणि तिथेच आदळायचा. नाच शिकवणाऱ्या ताईंच्या हातातल्या दांडक्याचा ठोका लाकडावर पडत राहतो; आधी संथ, मग दुप्पट, मग चौपट. तट्टडवू, नाट्टडवू, पुन्हा तट्टडवू. मांड्या भरून येतात, टाचा हुळहुळतात. आम्ही आईबाप बाहेर चपलांच्या ढिगाशेजारी बसून असतो. आत कितीतरी पाय एकदम पडतात, आणि त्यातला एक मागे राहिला तर तो बाहेरही ऐकू येतो. पुष्कळ दिवस तो मागे राहिलेला पाय माझ्या मुलीचा होता. वार्षिक कार्यक्रमात रामायणावरची नृत्यनाटिका (आमच्याकडे सगळे तिला बॅलेच म्हणतात) बसायची, आणि माझी मुलगी दरवर्षी सेतू बांधणाऱ्या वानरांत, अगदी शेवटच्या रांगेत असायची. तिथे तिचा चेहरासुद्धा दिसत नसे. पण दगड उचलताना तिची पाठ कधी वाकली नाही. हे मी पाहिलं आहे, म्हणून सांगते.

धाकट्याची गोष्ट निराळी. त्याला लय जन्मतः होती. सोबत्यांच्या हसण्याला तोंड द्यायचं बळ मात्र नव्हतं. “पोट्टा असून नाचून राहिला बे!” हे वाक्य त्याच्या मागे लागलं, आणि एके दिवशी त्याने घुंगरू कपाटात टाकून दिले. मी समजावलं, त्याच्या बाबांनी समजावलं, काही उपयोग झाला नाही. माझे सासरे भंडारा जिल्ह्यातले. त्यांनी समजावण्याच्या भानगडीत न पडता एका रात्री नातवाला खडी गंमत या आपल्याकडच्या लोकनाट्याची गोष्ट सांगितली. “आमच्या गावात नाच्या पोरगाच राहे. लुगडं नेसून रातभर नाचे डफाच्या तालावर, अन् सकाळी नांगर धरे. हासाची कोनाची छाती नव्हती.” पोरगा डोळे विस्फारून ऐकत होता.

पुढे त्याने ‘ये बॅले’ हा २०२० सालचा चित्रपट पाहिला, आणि पुन्हा पाहिला. मुंबईतला टॅक्सीचालकाचा मुलगा मनीष चौहान आणि वेल्डिंग करणाऱ्या कामगाराचा मुलगा आमिरुद्दीन शाह यांच्यावर तो बेतलेला आहे. परदेशातून आलेले वयस्क शिक्षक येहुदा माओर यांच्याकडे ही मुलं शिकली, आणि आमिरुद्दीन थेट लंडनच्या रॉयल बॅले स्कूलपर्यंत पोचला. मनीषने तर पडद्यावर स्वतःचीच भूमिका केली आहे. मी त्यातल्या बापांकडेच पाहत होते. ज्या कलेचं नावही घरात कधी निघालं नाही, तिच्यासाठी लेकरू झिजताना पाहणं म्हणजे काय, हे मला फार जवळचं वाटलं.

नातेवाइकांत अजून कोणी तरी विचारतंच, हा मद्रासकडचा नाच आपल्याला कशाला? मला याचं वाईट वाटतं. तंजावरला मराठे राज्य करत होते. दुसरे सरफोजी राजे १७९८ ते १८३२ गादीवर होते, आणि त्यांनी नृत्यासाठी मराठीत रचना केल्या. अलारिपूपासून तिल्लानापर्यंतचा जो क्रम आज मुलं नाचतात, तो बसवणारे चार नट्टुवनार (नृत्यगुरू) भाऊ त्याच दरबारात वाढले. त्या मराठी रचना मुंबईच्या आचार्य पार्वतीकुमारांनी पुन्हा रंगमंचावर उभ्या केल्या. हा नाच आपला नव्हे, असं कोणी कसं म्हणावं?

दसऱ्याला आमच्याकडे पुस्तकं आणि स्कूटरबरोबर घुंगरूही पूजेला बसतात. या दसऱ्याला धाकट्याने कपाटातले आपले घुंगरू बाहेर काढून स्वतः चिंचेच्या कोळाने घासून लख्ख केले.

मग यंदाचा कार्यक्रम झाला, सिव्हिल लाइन्समधल्या वसंतराव देशपांडे सभागृहात. या सभागृहात शिरताना मला त्या नावामागची आई आठवते. गायक वसंतरावांना त्यांच्या आईने एकटीने नागपुरात वाढवलं. शंकरराव सप्र्यांनी त्यांना गाणं दिलं. मोठेपणी लष्करी हिशेब खात्यात कित्येक वर्षं नोकरी करत त्यांनी गळा जपला, आणि ‘कट्यार काळजात घुसली’ हे त्यांचं संगीत नाटक रंगमंचावर आलं ते १९६७ मध्ये, वसंतराव सत्तेचाळीस वर्षांचे असताना. एवढा काळ धीर धरणं हीसुद्धा उपासनाच आहे, असं मी मानते.

थोरलीला यंदा सुवर्णमृग मिळाला होता. वेणी घालताना, आलता लावताना, डोक्यावर सूर्य-चंद्र बांधताना माझेच हात थरथरत होते. ती मनातल्या मनात ओठ हलवत मात्रा मोजत होती. रंगमंचावर ती झेपावली, थबकली, मान वळवून सीतेकडे पाहिलं, आणि मागच्या रांगेतली वानराची सगळी वर्षं त्या एका वळणात मला दिसली. धाकटा जटायू झाला. पंख तुटल्यावर त्याला बराच वेळ निपचित पडून राहायचं होतं, राम-लक्ष्मण येईपर्यंत. दिवे डोळ्यांवर, घाम कानात उतरलेला, तरी बोटसुद्धा हललं नाही. त्याला हसणाऱ्यांपैकी दोघं तिसऱ्या रांगेत बसली होती आणि टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या, हात दुखेपर्यंत. लेकरांचा अभिमान उघड दाखवू नये, दृष्ट लागते, असं आमच्या घरात म्हणतात. त्या रात्री मी मीठ-मोहऱ्यांनी दोघांची दृष्ट काढली, आणि मग खुशाल सगळ्या नात्यागोत्यात फोन केले.

आता थोरलीची गांधर्व मंडळाची परीक्षा तोंडावर आली आहे. वर्णम नाचायचं म्हणजे दमसास हवा, म्हणून ती पहाटे अंबाझरी तलावाला फेऱ्या मारते. धाकट्याला जतिस्वरम सुरू झालं आहे; त्यातली एक कोरवै त्याची अजून समेवर येत नाही. आताही आतून तेच ऐकू येतंय, तो पुन्हा पहिल्यापासून घेतोय.