दोन मिस कॉल

आमच्या धंद्यातला नियम असा की प्रेत पहिल्या ब्रेकच्या आत सापडलं पाहिजे. म्हणजे मेलेल्याला जिवंत दाखवायला लेखकाच्या हातात उरतात सात-आठ मिनिटं. माणूस चाळिशीचा असला तर भागतं. कर्ज, भानगड, भाऊबंदकी, काहीतरी निघतंच. पंधरा वर्षांच्या पोराच्या नावावर काय असतं? दहावीचा क्लास, सायकल, मोबाइलसाठी धरलेला हट्ट. मग सगळे एकच सीन लिहितात. आई डबा भरते, पोरगा आरशात बघून केस नीट करतो, ‘येतो गं’ म्हणतो. मीही तो इतक्या वेळा लिहिलाय की झोपेत सांगेन.

केस खरी असते, त्यामुळे नावं बदलायची हे ठरलेलंच. २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमानुसार मूल आरोपी असो, बळी असो की साक्षीदार, त्याची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा काहीच उघड करता येत नाही. त्यामुळे गाव बदलतं, गणवेशाचा रंग बदलतो, लीगलवाले पान न् पान तपासतात.

गुन्हेगार कोण, हे मात्र आम्हाला तासाभरात सांगावंच लागतं. शेवटी बेड्या दिसल्या नाहीत तर चॅनल एपिसोड परत पाठवतं. नोएडात २००८ साली तेरा वर्षांच्या मुलीचा खून झाला. विशेष न्यायालयाने २०१३मध्ये आईवडिलांना जन्मठेप दिली आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१७मध्ये दोघांनाही निर्दोष सोडलं. त्यावरचा ‘तलवार’ हा सिनेमा आला तो मधल्या २०१५ साली. कुटुंबाचं आडनाव टंडन केलं, मुलीचं नाव श्रुती, आणि एकच रात्र वेगवेगळ्या तपासांच्या नजरेतून वेगवेगळी दाखवली. विशाल भारद्वाज यांची ती पटकथा नव्या पोरांना मी अभ्यासाला देतो. आमच्या साच्यात ती बसत नाही, हेही सांगून टाकतो.

गेल्या वर्षी ‘ॲडोलसन्स’ ही मालिका पाहिली. ती कुठल्या एका केसवर बेतलेली नाही. चार भाग, प्रत्येक भाग सलग एका टेकमध्ये. तेरा वर्षांच्या मुलाने खून केला, हे पहिल्याच भागात कळतं. त्यातली एक पोलीस अधिकारी कुरकुरते, की सगळ्यांच्या लक्षात मारणारा राहील, मेलेली मुलगी नाही. लेखकांनी स्वतःचीच कानउघाडणी करून घेतली, असं मला वाटलं.

मी तसं होऊ देणार नाही, असा माझा तोरा होता. एका केसमध्ये स्थानिक पेपरच्या आतल्या पानावर एक ओळ सापडली. मुलगा क्लासहून निघताना घरी मिस कॉल द्यायचा. एक म्हणजे निघालो, दोन म्हणजे मित्राबरोबर जरा थांबतोय. मी हरखलो. नाव, गाव, बापाचा धंदा, सगळं बदललं. मिस कॉल तेवढे ठेवले. डबा-आरसा गेला. त्याऐवजी ओट्यावरच्या पिठाच्या डब्याशेजारी फोन थरथरतो, थांबतो, पुन्हा थरथरतो. कणकेने माखलेले हात तसेच ठेवून आई नुसती हसते. दिग्दर्शकाने क्लोजअप घेतला. सेटवर मेकअपदादांनी डोळे पुसले. मीही खूश होतो, खोटं कशाला बोलू?

एपिसोड लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रॉडक्शनमधून कुणीतरी माझा नंबर दिला आणि मुलाच्या मामांचा फोन आला. मला वाटलं, आता शिव्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता.

“साहेब, तुम्ही नाव बदललंत, बरं केलंत. पण ताईने फोन थरथरताना पाहिला आणि ती उठून आत गेली.”

मला काही सुचेना. माफी मागितली, ती त्यांनी ऐकली की नाही कुणास ठाऊक.

“हे पुन्हा दाखवणार का?”

“हो. रिपीट असतो.”

“कधी, ते सांगा. त्या वेळेला तिला देवळात घेऊन जाईन म्हणतो.”

रविवार, दुपारी दोन. मी वेळ सांगितली. त्यांनी ती लिहून घेतली, आणि थँक्यू म्हणून फोन ठेवला.