पऱ्हाटीचा जाळ, केळीचे पान

नोकरीच्या निमित्ताने ज्याला परगावी फिरतीवर जावे लागते, त्याच्या वाट्याला येणारा रविवार घरच्या रविवाराहून निराळ्या जातीचा असतो. कचेरीला कुलूप असते, दफ्तरे कपाटात बंद असतात, घर दूर असते, आणि विश्रामगृहाच्या व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचून संपले की उरलेल्या दिवसाचे करायचे काय, हा प्रश्न समोर उभा राहतो. मी त्याचे उत्तर पुष्कळ वर्षांपूर्वी ठरवून टाकले आहे. मोटार काढावी, महामार्ग सोडावा, समोर येईल तो फाटा धरावा, आणि त्या मुलुखातील माणसे जे खातात ते, ती जिथे बसून खातात तिथेच बसून खावे.

सहकारी सोसायट्यांचे हिशेब तपासणे हे माझे काम असल्याने जळगाव जिल्ह्यात माझे मुक्काम वरचेवर पडतात. 1906 साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्यांतील पूर्व खानदेश तो हा. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर आणि मधून पश्चिमवाहिनी तापी, अशा या सखल पट्ट्यातील काळ्या जमिनीचे वैभव म्हणजे कापूस आणि केळी. आठवडाभर मी ही दोन्ही पिके कागदावरच पाहतो : कर्जाची उचल, वसुली, थकबाकी, तारण, मुदतवाढ. दोन्ही पिके मुलूख सोडून जाण्यासाठीच जन्माला आलेली. कापसाच्या गाठी गिरण्यांकडे रवाना होतात, केळीचे घड उत्तर हिंदुस्थानच्या बाजारपेठांकडे. त्यांच्या जाण्याची नोंद पै-पैशासह दफ्तरात सापडते. परंतु ती गेल्यावर मागे काय राहते, याचा रकाना मी अद्याप कोणत्याही खतावणीत पाहिलेला नाही. तो रकाना मला रविवारच्या वाटेवर वाचायला मिळाला.

ज्यांचे दफ्तर तपासायचे त्यांच्या घरी पंगतीला बसायचे नाही, हा माझा जुना नेम. म्हणून मार्गशीर्षातील एका रविवारी मी निघालो तो ज्याचा माझ्या कामाशी काडीचाही संबंध नव्हता अशा एका वृद्ध शेतकऱ्याच्या, माझ्या एका स्नेह्याच्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, मळ्याकडे. फैजपूर मागे पडले. 1936 साली काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन याच गावी झाले होते. पुढे भालोद-बामणोदचा शिवार लागला, आणि दोन्ही बाजूंना केळीच्या बागांची हिरवी, ओलसर सावली रस्त्यावर उतरली. या शिवारातील वांगे फिकट हिरव्या रंगाचे, लांबट, भरदार आणि बियांच्या बाबतीत फार संयमी असते. 2016 साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु त्याची कीर्ती त्या कागदाच्या कितीतरी आधीची आहे.

कापूस वेचून झालेल्या एका तुकड्यातील वाळलेली पऱ्हाटी मळ्याच्या कडेला रचून ठेवली होती. आप्पांनी तिचा ढीग पेटवला, आणि तेल लावलेली वांगी त्या उफाळत्या जाळात एकामागून एक सोडली. लाकडाच्या निखाऱ्यावर का नाही, असे मी विचारले, तेव्हा काठीने वांगे परतत ते म्हणाले, "भाऊ, हा जाळ आला तसा जातो. वांग्याला तेवढाच लागतो. लाकूड त्याला वाळवून टाकतं." साल कोळशासारखी काळी पडून ठिकठिकाणी उकलली, आतला गर पाझरू लागला, आणि मग घरातील बायकांनी ती वांगी सोलून बडजीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचायला घेतली. हिरव्या मिरच्या आणि लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, वरून सढळ कोथिंबीर. मसाल्याच्या डब्याला कोणी हात लावला नाही. धुराचा गंध हाच त्या पदार्थाचा खरा मसाला होता, आणि तो पऱ्हाटीखेरीज कोणी देऊ शकले नसते. सोबत कळण्याची भाकरी होती. ज्वारीबरोबर अख्खे उडीद आणि मीठ दळून केलेली, रंगाने सावळी, चवीने किंचित खारट आणि पोटाला दिवसभर पुरणारी.

वाढले ते केळीच्या पानावर. ज्या बागेतील घड काही दिवसांपूर्वी मालमोटारीत चढले, तिचीच ती पाने. आणि ज्या शेतातील कापूस बाजारात गेला, त्याचाच तो जाळ. विकण्याजोगे जे होते ते सारे निघून गेल्यावर काडी आणि पान एवढेच धन्याच्या हाती उरले होते, आणि त्या उरलेल्यातून या लोकांनी असे अन्न सिद्ध केले होते की, ज्यासाठी परगावी गेलेला खानदेशी माणूस हिवाळ्यात गावाकडची वाट धरतो. दारिद्र्याशी केलेली ही तडजोड नव्हे. आपल्या भूमीच्या प्रत्येक अंशाचा मान राखण्याची ती पिढीजात रीत आहे.

उन्हाळ्यात हाच मुलूख ओळखू येत नाही. शेते उघडी पडतात, ऊन असह्य होते, आणि अशा वैशाखात आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, येते. तेव्हा सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, चुलीवर खापर पालथे पडते, आणि पुरण भरलेला मांडा दोन्ही हातांवर झेलत, कोपरापर्यंत पसरत, एखादी आजीबाई तो अलगद त्या तापल्या खापरावर सोडते. ज्या मुलुखातून पीक निरंतर बाहेर जात असते, त्याने परत येणाऱ्यांसाठी एक तिथी राखून ठेवावी आणि तिचे पक्वान्न इतके विस्तीर्ण असावे, यात मला या प्रांताचे हृदय दिसते. अक्षरओळख नसलेल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी आपली कविता शेत आणि चूल यांच्याच सान्निध्यात रचली, हे येथे जेवल्यावर अगदी स्वाभाविक वाटते.

सुरतेहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर आता भोजनगृहांची वाण नाही; परंतु त्यांतील पुष्कळांच्या पाटीवरील पदार्थ दिल्लीत चालतील आणि बंगळुरातही चालतील असेच असतात. कामासाठी हिंडणाऱ्या अभियंत्याने, विक्रेत्याने, माझ्यासारख्या हिशेबनिसाने केवळ तेथेच जेवून परतावे, ही मोठी हानी आहे. कारण आपल्याला सहलीच्या प्रवाशाला न मिळणारी एक संधी लाभलेली असते : एकाच मुलुखात पुनःपुन्हा, हिवाळ्यात आणि भर उन्हातही, जाण्याची. सोमवारी मी पुन्हा दफ्तर उघडतो. माझा शेरा नियमाप्रमाणेच पडतो, थकबाकीला मी थकबाकीच म्हणतो. परंतु त्या आकड्यामागचे शेत, त्यातील पऱ्हाटी आणि ती पेटवणारा हात आता मला ठाऊक असतो, आणि कर्जदाराशी बोलताना माझ्या शब्दांत ती ओळख उतरते. तेवढी ओळख करून घेणे, मग प्रवासभत्त्याच्या नियमांत ती बसो वा न बसो, मी माझ्या कर्तव्याचाच भाग समजतो.