पत्त्याचा रकाना

दरवर्षी २० मार्चला महाडला आपण आरोग्य शिबिरं लावतो. रक्तदाब तपासतो, साखर तपासतो, फोटो टाकतो. मीही तेच करायचो. किती जणांना तपासलं, तो आकडा अभिमानाने सांगायचो.

दोन वर्षांपूर्वी शिबिर संपल्यावर उरलेलं साहित्य घेऊन आम्ही चौघे पोलादपूरच्या वाटेवर महामार्गाकडेच्या झोपड्यांत गेलो. ताडपत्रीखाली राहणारी कातकरी कुटुंबं. एका भट्टीवरून दुसऱ्या भट्टीवर जाणारी. एका बाईला महिनाभर खोकला होता, शेजारच्या म्हाताऱ्यालाही. दोघांना थुंकीच्या तपासणीची चिठ्ठी दिली, "सरकारी दवाखान्यात जा, सगळं फुकट आहे" असं सांगितलं आणि निघालो.

पंधरा दिवसांनी गेलो तर बाईची चिठ्ठी ताडपत्रीत खोचलेली.

"गेल्ते दादा. खिडकीवर पत्ता इचारला. काय सांगू? आज हितं, उद्या भट्टीवर."

म्हातारा तर कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या आकड्यात तो अजूनही 'तपासलेला' आहे.

मित्रांनो, सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केलं. पण कागदावर. सवर्णांच्या दहशतीने ते आपल्याला बंदच होतं. १९२७ मध्ये बाबासाहेब पुढे चालले, मागे हजारो चालले, तेव्हा त्या ठरावाचं पाणी झालं.

क्षयाचा उपचार आज तसाच कागदावर खुला आहे. औषधं मोफत. पोषणासाठी महिन्याला १००० रुपये, तेही बँक खात्यात. खात्याला कागद लागतात आणि कागदाला पत्ता.

दुसऱ्या दिवशी आमच्यातली एक मुलगी त्या बाईसोबत गेली. तिने खिडकीवर नकार लेखी मागितला. लगेच रकान्यात 'महामार्गाकडेची झोपडी' लिहिलं गेलं. क्षय निघाला. पुढे कुटुंब भट्टीवर गेलं, तेव्हा तिथल्या आशाताईंना आम्हीच गाठलं. सहा महिन्यांची औषधं पूर्ण झाली.

निवडणूक आयोगाचा नियम बघा. बेघर माणसाने झोपायची जागा फॉर्म ६ मध्ये लिहायची, बीएलओने रात्री येऊन खात्री करायची. राहण्याचा कागदी पुरावा लागत नाही. मताला चालणारा पत्ता औषधाला का चालू नये? हा प्रश्न आता आम्ही वस्तीत बसून समजावतो. खिडकीवर काय बोलायचं, नकार लेखी कसा मागायचा, हेही शिकवतो. रक्तदाबाचं मशीन त्यानंतर निघतं.

तपासून सोडून देणं म्हणजे माणसाला तळ्याच्या काठापर्यंत नेऊन तहानलेलं परत पाठवणं. तरुणांनो, २० मार्चला शिबिर जरूर लावा. पण २१ मार्चला चिठ्ठीसोबत कोण जाणार, हे आधी ठरवा.

जय भीम!