डेडलाइन शिकावी दर्यापुरात!

'सर, इट्स इन प्रोसेस.' 'जस्ट अ स्लाइट डिले.' 'आज बाय इओडी नक्की!' सोमवार ते शुक्रवार आपलं निम्मं इंग्लिश या तीन वाक्यांतच खपतं, नाही का? काम लेट झालंय हे सांगायला आपल्याकडे शब्द ढीगभर. पण कुठला कधी वापरायचा, इथे भल्याभल्यांची गोची होते. त्याचा क्रॅश कोर्स करायचा असेल तर एक वीकएण्ड दर्यापूरला काढा. हो, दर्यापूरच! अमरावती जिल्ह्यातलं, चंद्रभागा नदीच्या काठचं, तालुक्याचं गाव. टूरिस्ट स्पॉट वगैरे नाही, पण उशीर म्हणजे काय हे या गावाइतकं नीट फार कमी ठिकाणी कळतं.

पहिला धडा रेल्वेचा. किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीनं वऱ्हाडातला कापूस वाहून न्यायला नॅरोगेज टाकली. तीच ही 'शकुंतला'. मूर्तिजापूर ते अचलपूर 76 किलोमीटर, आणि वेळ सुमारे चार तास! दर्यापूर याच वाटेवर. मँचेस्टरमध्ये 1921 साली बनलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत हिला ओढत होतं, मग डिझेल आलं. त्या काळात गाडी उशिरा आली तर ती 'डिलेड'. म्हणजे लेट, पण येणार. 'डिलेड बाय टू अवर्स' म्हणजे दोन तास उशीर. पुढे 2016 मध्ये ब्रॉडगेजसाठी 1,500 कोटी रुपयांची घोषणा झाली. आज मात्र गाडी बंद आहे. मग हिला काय म्हणायचं? 'कॅन्सल्ड' म्हणवत नाही. 'पोस्टपोन्ड' म्हणावं तर त्याला पुढची तारीख लागते, 'पोस्टपोन्ड टु फ्रायडे' अशी. आपण मेलमध्ये बिनतारखेचं 'पोस्टपोन्ड' लिहितो तेव्हा क्लायंटची अवस्था शकुंतलेच्या पॅसेंजरसारखी होते, एवढं लक्षात ठेवा!

इथली बोलीही या कामात तरबेज. दुकानात, कचेरीत, कुठेही विचारा, काम कुठवर आलं? उत्तर ठरलेलं. 'होऊन राह्यलं न भाऊ!' आपल्या 'वर्क इन प्रोग्रेस'ला याहून गोड वऱ्हाडी प्रतिशब्द सापडणार नाही. आणि तितकाच निसरडाही, कारण कधी होणार ते यातही नाहीच.

दुसरा धडा शेतातला, आणि तो जरा गंभीर आहे. दर्यापूर हे पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतं. गावाच्या नावात 'दर्या' आहे, आणि जमिनीखालचं पाणी खरंच खारट! विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यावर ओलीत करणं अवघड, म्हणून कापूस, तूर, सोयाबीन, मूग सगळं पावसाच्या भरवशावर. साधारण 75 ते 100 मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असा कृषी खात्याचा सल्ला असतो. घाई केली आणि पावसानं दडी मारली की दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचा खर्च पुन्हा. फार थांबलं तर मूग-उडदाची वेळ निघून जाते.

इथेच आपली एक हमखास चूक सुटते. मराठीत 'पर्यंत' एकच, इंग्लिशमध्ये दोन. पाऊस येईपर्यंत थांबायचं तो 'टिल'. जुलैच्या अमुक तारखेपर्यंत पेरणी उरकायची तो 'बाय'. तेव्हा 'आय विल सबमिट टिल फ्रायडे' नको, 'बाय फ्रायडे' म्हणा.

'डेडलाइन' शब्दाचा जन्म तर ऐका. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1864 मध्ये, अँडरसनविलच्या कैदी-छावणीत एक रेघ होती. ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालत! पुढे वर्तमानपत्रांनी तो शब्द बातमी देण्याच्या शेवटच्या वेळेसाठी उचलला. ऑफिसात आपण त्या रेषेवर बिनधास्त रेंगाळतो. शेतात मात्र तिची मूळची धार अजून आहे.

कागदावरच्या तारखा त्या मानानं प्रेमळ. पीक विम्याची 2023 च्या खरिपाची मुदत 31 जुलै होती, ती 3 ऑगस्टपर्यंत वाढली. हे झालं 'एक्स्टेंशन'. पण तेही कुणी तरी मागावं लागतं, आणि तारीख उलटण्याआधी मागितलेलं बरं. पीककर्ज मुदतीत फिटलं नाही की ते 'ओव्हरड्यू', मराठीत थकीत. मग नवं कर्ज मिळताना पंचाईत.

आणि 'बॅकलॉग'? मूळ अर्थ शेकोटीत मागे ठेवलेला जाड ओंडका. इंजिनिअरिंगच्या पोरांना हा शब्द राहिलेल्या विषयांमुळे पाठ, विदर्भाला 'अनुशेष' म्हणून. दांडेकर समितीनं 1984 मध्ये राज्यातल्या विकासाचा अनुशेष मोजला, तो 3,186 कोटी रुपयांहून जास्त भरला. त्यात विदर्भाचा वाटा मोठा होता. समितीनं निदान आकडा तरी मांडला. आपण 'थोडा बॅकलॉग आहे' म्हणतो तेव्हा किती फाइली, कुणाकडे आणि कधीपर्यंत, हे सांगतो का?

सोमवारी बॉसला मेल लिहाल तेव्हा एवढंच करा. 'इट गॉट डिलेड' ऐवजी किती उशीर, कशामुळे आणि नवी तारीख काय, तिन्ही लिहा. इंग्लिश साधंच राहू दे, तारीख पक्की हवी.

कसं जाल? मुंबई-नागपूर मार्गावर मूर्तिजापूर किंवा बडनेऱ्याला उतरा, पुढे एसटी किंवा गाडी. केव्हा? उन्हाळा टाळा, वऱ्हाडाचं ऊन चेष्टा नव्हे! दिवाळीनंतर जा. वेचणीला आलेला पांढराशुभ्र कापूस दिसेल. काय खाल? ज्वारीची भाकर, झुणका आणि गरमागरम आलूबोंडा. तो यायला वेळ लागला तर चिडू नका. होऊन राह्यलं न भाऊ!