आलेखाचा प्रकार कसा ठरतो

डेटा रिपोर्टिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आलेखाचा प्रकार ठरण्याच्या दोन वेळा असतात. एक, आकडे निवडून ‘इन्सर्ट’वर बोट ठेवताना; दुसरी त्याच्या बरीच आधी, अहवाल वाचणारा काय विचारणार आहे याचा विचार करताना. पहिल्या वेळी निर्णय सॉफ्टवेअरच्या हाती जातो. एक्सेल निवडलेल्या ओळी-रकान्यांची मांडणी पाहून काही आलेख सुचवते. टॅब्लोची ‘शो मी’ पट्टी त्या रकान्यांना चालणारे प्रकार ठळक ठेवते आणि बाकीचे फिके करते. रकान्यात मजकूर आहे, तारीख आहे की संख्या आहे, हे सॉफ्टवेअरला कळते. बैठकीतल्या अधिकाऱ्यांना पाणीटंचाईची काळजी आहे की निधी पडून राहिल्याची, हे कळण्याचा त्याला मार्ग नाही. जिल्हा पातळीवरच्या मासिक अहवालांचे काम करताना प्रस्तुत लेखिकेने एक सवय लावून घेतली: फाइल उघडण्याआधी कागदावर एक प्रश्नार्थक वाक्य लिहायचे. ‘सर्वांत मागे कोण?’ ‘केव्हापासून घसरण?’ ‘एकूणात वाटा किती?’ वाक्य नीट लिहिता आले तर आलेखाचा प्रकार बहुधा त्यातच सापडतो. लिहिता आले नाही, तर आकडेच अजून पुरते समजलेले नसतात.

‘कोण पुढे, कोण मागे’ हा सर्वांत नेहमीचा प्रश्न, आणि त्याला उत्तर स्तंभालेखाचे. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश लेखकाने १७८६ मध्ये व्यापाराच्या आकड्यांचा जो अॅटलास काढला, त्यात जवळजवळ सगळे आलेख काळानुसार सरकणाऱ्या रेषांचे होते. स्कॉटलंडच्या व्यापाराचे मात्र त्याच्याकडे एकाच वर्षाचे आकडे होते. रेषा ओढायला वर्षेच नसल्याने त्याने देशवार आयात-निर्यात आडव्या पट्ट्यांनी दाखवली. आज सर्वत्र वापरला जाणारा आलेख असा, हातात काय आहे आणि काय नाही याच्या प्रामाणिक हिशेबातून आला.

जिल्ह्यांची तुलना करताना पट्ट्या आडव्याच ठेवाव्यात. ‘छत्रपती संभाजीनगर’ किंवा ‘मुंबई उपनगर’ ही नावे उभ्या स्तंभाखाली मावत नाहीत. सॉफ्टवेअर ती तिरकी करते आणि वाचणाऱ्याला मान वाकडी करावी लागते. पट्ट्या आकड्यांच्या उतरत्या क्रमाने लावाव्यात. एक्सेल आडव्या पट्ट्यांत तक्त्यातली पहिली ओळ सर्वांत खाली नेते, त्यामुळे अक्षाच्या मांडणीत जाऊन क्रम उलटा करावा लागतो. एवढे न केल्याने पहिल्या क्रमांकाचा जिल्हा तळाशी गेलेले अहवाल सर्रास दिसतात.

स्तंभाचा अक्ष शून्यापासून सुरू व्हायला हवा, कारण वाचणारा स्तंभाची लांबी वाचतो. आकडे एकमेकांच्या जवळ असले की एक्सेल स्वतःहून अक्ष वरून सुरू करते आणि किरकोळ फरक दुपटीसारखा भासतो. पण शून्याच्या नियमाने एक खरी अडचणही होते. २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया रत्नागिरीत ११२२, सिंधुदुर्गात १०३६ आणि मुंबई शहरात ८३२ होत्या. शून्यापासून स्तंभ काढले तर बहुतेक जिल्हे जवळपास सारखे दिसतात. अक्ष आठशेपासून सुरू केला तर मुंबई शहरात स्त्रियाच नाहीत असे वाटते. इथे अक्षाशी झटापट करण्यापेक्षा मोजायची गोष्टच बदलावी. हजारापासूनचा फरक काढला की रत्नागिरी अधिक १२२, सिंधुदुर्ग अधिक ३६, मुंबई शहर उणे १६८. मधल्या रेषेच्या उजवीकडे पहिले दोनच जिल्हे उरतात आणि बाकी सगळे डावीकडे जातात. पुरुष नोकरीसाठी बाहेर पडलेले कोकण आणि त्यांना सामावून घेणारी मुंबई एका नजरेत समोरासमोर येते. लेखिकेच्या मते आलेख निवडताना हे सर्वांत कमी वापरले जाणारे आणि सर्वांत फलदायी पाऊल आहे.

वृत्तालेखाची गोष्ट वेगळी. तोही प्लेफेअरनेच १८०१ मध्ये आणला, आणि कचेऱ्यांत त्याच्याइतका लाडका आलेख दुसरा नाही. एका आढावा बैठकीत योजनांवरच्या खर्चाची विभागवार वाटणी पडद्यावर आली. सात रंगांचे सात तुकडे, तेही त्रिमितीत कललेले. ठरलेला साचा होता आणि दर महिन्याला त्यात नवे आकडे भरले जात. अध्यक्षस्थानी बसलेल्या अधिकाऱ्यांनी विचारले, “मॅडम, पाणीपुरवठ्याचा खर्च जास्त की रस्त्यांचा?” पडद्याकडे पाहणाऱ्या कोणालाच ते चटकन सांगता येईना. सगळ्यांनी हातातल्या तक्त्याची पाने उलटायला सुरुवात केली. पुढच्या महिन्यात तीच वाटणी उतरत्या क्रमाच्या आडव्या पट्ट्यांत मांडली. या वेळी प्रश्न आला तो असा: “शिक्षण इतकं खाली का?” संबंधित अधिकारी उठले आणि निविदेत अडकलेल्या वर्गखोल्यांच्या बांधकामावर चर्चा झाली. आलेख वाचण्यात जाणारा वेळ कामाच्या चर्चेला मिळाला. आलेख बरोबर निवडल्याची याहून चांगली खूण लेखिकेला माहीत नाही.

यामागचे कारण डोळ्यांत आहे. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या अमेरिकी संशोधकांनी १९८४ मध्ये प्रयोग आणि तर्क यांच्या आधारे मांडले की, एकाच मापपट्टीवरची स्थिती माणूस सर्वांत अचूक ओळखतो, त्याखालोखाल लांबी. कोन ओळखण्यात चूक वाढते, क्षेत्रफळात आणखी वाढते, आणि घनफळ व रंगाची गडदता सर्वांत शेवटी येतात. वृत्तालेख कोनावर आणि क्षेत्रफळावर उभा आहे. त्याला त्रिमितीत कलवले की पुढचा तुकडा मोठा आणि मागचा लहान दिसतो, म्हणजे आकडे न बदलता निष्कर्ष बदलतो. त्रिमितीचा पर्याय अहवालात कधीच वापरू नये. याला अपवाद करण्याजोगे कारण लेखिकेपुढे आलेले नाही. साधा वृत्तालेख मात्र सरसकट टाकून देण्यासारखा नाही. तुकडे दोन-तीन असतील आणि ‘अर्ध्याहून जास्त की कमी’ एवढेच विचारायचे असेल, तर तो चपखल बसतो. २०११ मध्ये महाराष्ट्राची ४५.२ टक्के लोकसंख्या शहरी होती. निम्म्याला किती कमी पडले ते वर्तुळात लगेच दिसते.

हाच वाटा काळानुसार पाहायचा झाला की वर्तुळ निरुपयोगी. १९६१ मध्ये २८.२ टक्के, मग ३१.२, ३५.०, ३८.७, ४२.४ आणि २०११ मध्ये ४५.२. सहा जनगणनांची सहा वर्तुळे शेजारी ठेवून कोणालाच काही कळणार नाही, एका रेषेत सगळे कळते. रेषालेखात अक्ष शून्यापासून असलाच पाहिजे असेही नाही, कारण तिथे चढ-उतार वाचायचा असतो. सॉफ्टवेअरच्या खोड्या इथे जास्त असतात. पहिल्या रकान्याला ‘वर्ष’ असे शीर्षक दिले आणि त्याखाली नुसत्या संख्या असल्या, तर एक्सेल त्यालाही मोजायचा आकडा समजते आणि दोन हजारांच्या आसपास एक निरर्थक रेषा ओढून देते. पॉवर बीआयमध्ये महिन्यांची नावे मजकूर म्हणून आली तर ती वर्णानुक्रमे लागतात. एप्रिलच्या शेजारी ऑक्टोबर येतो. त्यासाठी महिन्याच्या क्रमांकाचा वेगळा रकाना ठेवून नावांची मांडणी त्यावरून करून घ्यावी लागते. वर्षांमधली अंतरे असमान असतील तर अक्ष तारखेचा करावा, नाहीतर दोन वर्षे आणि दहा वर्षे सारख्याच अंतरावर बसतात. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. त्या जागी अंदाजाचा बिंदू टाकायचाच असेल तर तो तुटक रेषेने वेगळा दाखवावा.

काळाचा अक्ष कुठून सुरू करायचा हाही निवडीचाच भाग. सॉफ्टवेअर जानेवारी धरते. खर्चाचे वर्ष एप्रिलपासून आणि पाण्याचे जूनपासून चालते. धरणाचा साठा जानेवारीपासून दाखवला तर आधी उतरती, मग चढती अशी अर्धवट दरी दिसते. जूनपासून सुरू केला की पावसाळ्यातली भर आणि मेपर्यंतचा उपसा अशी पूर्ण गोष्ट दिसते, आणि मागच्या वर्षाची फिकी रेषा सोबत ठेवली की टंचाईचा प्रश्न सुटसुटीत होतो.

धरणाचा साठा आणि पाऊस यांच्यातही एक फरक आहे. जुलैचा पाऊस ही महिनाभरात पडलेली बेरीज असते. धरणातला साठा ही त्या दिवशीची पातळी असते, ती आदल्या दिवशीच्या पातळीतूनच येते. बेरजेला स्तंभ शोभतो, कारण प्रत्येक महिना स्वतंत्र आहे. पातळीला रेषा शोभते, कारण दोन मोजण्यांच्या मध्येही पाणी कुठल्यातरी पातळीवर असतेच. शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकात पर्जन्य स्तंभांनी आणि तापमान रेषेने दाखवलेले असते ते याच कारणाने. तो जोडआलेख दोन अक्षांचा असूनही चालतो, कारण तापमान आणि पाऊस दोन्ही एकाच ऋतुचक्राचे आहेत आणि त्यातली रेषा स्तंभांना कुठे छेदते याला तिथे कोणी अर्थ देत नाही. एरवी दोन अक्षांचा आलेख टाळावा. अक्षांची मापे थोडी सरकवली की कोणत्याही दोन गोष्टी एकमेकींच्या मागे धावताना दाखवता येतात. टक्केवारीबाबतही जपावे. कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. तिचे पन्नास टक्के आणि एखाद्या लघुप्रकल्पाचे पन्नास टक्के आलेखात सारख्याच उंचीचे दिसतात. किती गावांना किती दिवस पाणी पुरेल असा प्रश्न असेल तर टीएमसीच दाखवावा.

आकड्यांचा पसरटपणा आणि त्यांचा परस्परसंबंध, या दोन प्रश्नांकडे अहवालात फार कमी लक्ष जाते. सरासरीचा एक स्तंभ काढून भागवले जाते. फ्रान्सिस अँस्कोम्ब या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये अकरा-अकरा जोड्यांचे चार संच रचले. चारही संचांची सरासरी, सहसंबंध आणि त्यांतून निघणारी सरळ रेषा जवळजवळ सारखी. बिंदू कागदावर टाकले की एक सरळ, एक वक्र, एकात एकच भरकटलेला बिंदू आणि एकात उभी रांग. असे काही असण्याची शंका आली तर पसरटपणासाठी आयतालेख (हिस्टोग्राम) आणि संबंधासाठी बिंदूंचा विकिरण आलेख काढावा. एक्सेलमध्ये आयतालेख २०१६ च्या आवृत्तीपासून तयार मिळतो.

नकाशा सर्वांना आवडतो, म्हणून त्याच्याबद्दल जास्त सावध राहावे. क्षेत्रघनी नकाशात जिल्ह्याच्या सगळ्या क्षेत्राला आकड्यानुसार रंग मिळतो, आणि डोळा मोठ्या रंगाला मोठे महत्त्व देतो. गडचिरोलीचे क्षेत्रफळ चौदा हजार चौरस किलोमीटरांहून जास्त, २०११ ची लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आसपास. मुंबई शहर जिल्ह्यात तेव्हा सुमारे ३१ लाख लोक राहत होते, पण राज्याच्या नकाशात तो टिंबाएवढा दिसतो. त्यामुळे क्षेत्रघनी नकाशात नुसती संख्या कधीच भरू नये. दर, घनता किंवा टक्केवारी भरावी. प्रश्न जर ‘शेजारचे जिल्हे सारखे आहेत का’ असा असेल, तर नकाशाला पर्याय नाही. तो ‘कोण मागे’ असा असेल तर आडव्या पट्ट्या पुरेत. जुने आकडे भरताना आणखी एक अडचण येते. २०११ मध्ये राज्यात ३५ जिल्हे होते. २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर वेगळा झाला. सॉफ्टवेअरच्या नकाशात ३६ जिल्हे असतात, त्यामुळे जनगणनेचे जिल्हावार आकडे जोडले की पालघर कोरा राहतो आणि ठाण्याच्या रंगात पालघरचे लोकही मोजले जातात. तालुक्यांचे आकडे घेऊन नव्या सीमांप्रमाणे बेरीज करणे हाच त्यावर उपाय.

रंगांच्या बाबतीत लाल-हिरव्या जोडीवर विसंबू नये. काही पुरुषांना हा फरक दिसत नाही, आणि बहुतेक कचेऱ्यांत अहवाल शेवटी काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर छापून त्याच्या झेरॉक्स निघतात. तिथे लाल आणि हिरवा दोन्ही एकाच करड्या रंगाचे होतात. रंगांच्या यादीऐवजी पट्टीवरच नाव लिहिले की ही अडचण संपते.

आकडे दोनच असतील तर आलेख काढूच नये. २०११ मध्ये महाराष्ट्रात पुरुषांची साक्षरता ८८.३८ टक्के आणि स्त्रियांची ७५.८७ टक्के होती. हे एका वाक्यात मावते आणि वाक्यातच जास्त ठसते. नेमका आकडा उचलून पुढच्या हिशेबात घालायचा असेल तर साधा तक्ता द्यावा. आणि ज्यांच्यावर दर महिन्याला तयार साच्यात आकडे भरण्याचे काम आहे, त्यांनी पुढच्या अहवालापूर्वी त्यातल्या एकेका आलेखाखाली त्याचा प्रश्न लिहून पाहावा. ज्याचा प्रश्न सापडणार नाही, तो आलेख अहवालातून काढून टाकावा.